पास झालेली दाढी

दाढीबद्दल? म्हणजे एवढे तीन जिने चढून, धापा टाकत, तुम्ही मला दाढीबद्दल विचारायला आलात? — नाही हो, हसत नाहीये मी, हसू कुठलं आता, तोंडच तसं झालंय माझं — बसा साहेब, बसा आधी. त्या खुर्चीत नको, तिच्यावर ओले कपडे होते, इकडे खिडकीपाशी बसा. टोपी द्या, खुंटीला लावते. नको? बरं, असू द्या मांडीवर. फक्त जरा हळू बोला, आत सूनबाई पडलीय, आणि ठमीचा — नात माझी, अजून वर्षाची नाही — तिचा आत्ताच कुठे डोळा लागलाय. हं, तर नौदलाच्या मोठ्या कचेरीने तुम्हाला पाठवलंय. खलाशांना दाढी ठेवू द्यायची की नाही यावर नवा नियम निघतोय, आणि त्या नियमासाठी तुम्हाला माझ्या गुंडूचा फोटो वापरायचाय. बरोबर ऐकलं ना मी? प्रत्येक जहाजावर लावणार. वर गुंडू, दाढीवाला, हसरा, आणि खाली मोठ्या अक्षरांत — काय म्हणालात? — 'दाढी की जीव?' छान. कोणाला सुचलं हो हे? तुम्हाला? नाही ना? वाटलंच मला, तुमचा चेहरा तसा नाही.

आता विचारलंच आहे तर ऐका. माझं मत म्हणाल तर घाला बंदी. खुशाल घाला. जन्मभर बसमध्ये कंडक्टरची नोकरी केली मी, कडक नियमांशी माझं काही वाकडं नाही. धुरात शिरायचं असतं तुमच्या पोरांना, तोंडावर तो रबरी मास्क चढवायचा असतो, आणि दाढीच्या केसांमुळे तो गालाला घट्ट बसत नसेल, फटीतून धूर आत जात असेल — तर काढा म्हणावं दाढ्या. नाकातले केससुद्धा काढा हवं तर. जिवापुढे दाढीचं कसलं आलंय कौतुक? पोरं कुरकुरतील, चार दिवस गाल चोळत बसतील, कोणी म्हणेल माझी कातडी नाजूक, वस्तरा लागला की पुरळ उठतं — खरंही असेल बिचाऱ्याचं, मग त्याला द्या दुसरं काम, जहाजावर कामांना काय तोटा? आणि कोणी म्हणेल, खलाशाला दाढी शोभते, पूर्वीपासूनची रीत आहे. शोभते, मान्य. पण शोभेसाठी आईने पोर घालवायचं का? लिहून घ्या हे, नीट लिहा, गुंडूच्या आईचं म्हणणं, बंदी घाला. — अहो थांबा, थांबा, लगेच सहीचा कागद कशाला पुढे करता? मत दिलं मी, फोटो नाही दिला. ही दोन वेगळी तिकिटं आहेत, साहेब.

चहा घ्या. साखर कमी वाटली तर सांगा, माझा हात हल्ली साखरेला आखडता झालाय, कोणासाठी म्हणून गोड करायचं? — तुमचं मात्र बरंय, गाल कसा गुळगुळीत ठेवलाय. हनुवटीखाली कापलंय बघा थोडंसं, घाईत केलीत वाटतं सकाळी. तुम्ही कधी ठेवली होतीत की नाही? तुमची झाली असती का पास? — बघा, हसलात! कळलं ना मी काय म्हणते ते. आम्हा बाहेरच्या माणसांना हे माहीतच नसतं. आम्हाला वाटतं, दाढी काय, नाही केली की वाढते. तुमच्याकडे तसं नाही. तुमच्याकडे आधी कप्तानापुढे टाचा जुळवून उभं राहायचं, 'दाढी करणं थांबवायची परवानगी असावी' म्हणायचं, मग ठरवून दिलेले आठवडे ती वाढू द्यायची, आणि मग पुन्हा कप्तानापुढे — तो म्हणे इकडून बघणार, तिकडून बघणार, गालावर कुठे मोकळी जागा राहिलीय का, मिशीला नीट मिळालीय का — आणि मग सांगणार, पास की नापास. नापास झाली तर त्याच दिवशी साफ! गुंडूने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं थट्टा करतोय. अहो, ह्या पोराच्या शाळेत मी इतके हेलपाटे घातलेत, गणितात नापास, विज्ञानात काठावर, चित्रकलेतसुद्धा बाईंनी बोलावून घेतलं होतं — आणि एक दिवस फोन, नुसता ओरडतोय, 'आई, पास झालो!' म्हटलं, कशात रे बाबा, बढतीची परीक्षा दिलीस की काय? तर म्हणतो, 'दाढीत! पहिल्या फटक्यात!' मी एवढी हसले, एवढी हसले, आणि डेपोत जाऊन सगळ्यांना सांगितलं, पोरगं पास झालं म्हणून. कशात ते नाही सांगितलं. तेव्हापासून जहाजावर त्याला सगळे 'बुवा' म्हणायला लागले, आणि ओळखीच्या कार्डावर नवा फोटो आला, दाढीवाला. तोच ना तुमच्या फायलीतला? दाखवा बघू. — नको. राहू द्या. नका दाखवू.

मला नव्हती आवडत ती दाढी, खरं सांगते. एवढा गोड चेहरा झाकून टाकायचा म्हणजे काय? सूनबाईला फार आवडायची. लग्नाच्या वेळी तो काढायला निघाला होता, हिनेच अडवलं, 'असू द्या, शोभते तुम्हाला.' मग काय, बायको म्हणाली म्हणजे झालं, आईचं कोण ऐकतंय! एक लाकडी फणी आणली होती तिने, बोटाएवढी, दाढीची खास, सुट्टी संपली की बॅगेत सगळ्यात वर ठेवून द्यायची. मी चिडवायचे दोघांना. — आणि मग तुमच्या कचेरीचं पत्र आलं. चौकशी पुरी झाली म्हणून. त्यात सगळं होतं, इंजिनखोलीला आग लागली, हा मास्क लावून आत गेला, एकाला बाहेर काढलं, दुसऱ्याला काढलं, पुन्हा गेला तो आलाच नाही — आणि खाली एका ओळीत, मास्क चेहऱ्याला घट्ट बसला नाही, कारण दाढी. सूनबाई मला मोठ्याने वाचून दाखवत होती, माझा चष्मा सापडत नव्हता म्हणून, आणि मध्येच तिचा आवाज बंद. मी म्हटलं, वाच की गं पुढे. तर म्हणाली, 'म्हणजे मी मारलं त्यांना.' ओरडली नाही, रडली नाही, कोणी बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी म्हणाली.

तेव्हापासून ही अशी. ठमीला पाजते, पण तिच्याकडे बघत नाही. जेवणाचं ताट समोर ठेवलं की ठेवलेलंच. आंघोळीला मी हाताला धरून नेते. परवा केस विंचरायला बसवलं, तर माझ्या हातातली फणी बघून अशी काही मागे सरकली — माझाच जीव चरकला. विहीणबाई येऊन गेल्या, डॉक्टर झाले, झोपेच्या गोळ्या झाल्या. साहेब, मी भांडकुदळ बाई आहे, सबंध बसशी एकटीने भांडलेय, दारुड्यांना गचांडी धरून खाली उतरवलंय, पण हिच्याशी काय भांडू? मुलगा तर गेला माझा, तो काही कोणी परत देत नाही. पण ही माझ्या डोळ्यांदेखत रोज थोडी थोडी चाललीय, आणि मला काही करता येत नाही. आणि वर तुम्ही तो फोटो लावणार, प्रत्येक जहाजावर! उद्या ठमी मोठी होईल, तिला कोणीतरी शहाणं माणूस सांगेलच — तुझा बाप दाढीपायी गेला, आणि दाढी तुझ्या आईच्या हौसेपायी. सांगेल की नाही? सांगेलच. आणि खोटं आहे हो ते. — हो, खोटं. दचकलात का? सांडला ना चहा, राहू द्या, पुसते मी. गुंडूला दाढी नव्हती.

सांगते. ठमीला आम्ही फोनवर दाखवायचो त्याला. आधी तिला काही कळायचं नाही, मग कळायला लागलं, आणि पठ्ठीने बापाला बघितलं की भोकाड पसरायला सुरुवात केली. दाढी दिसली की आधी खालचा ओठ पुढे, मग जे काही सुरू! तो हसायचा, 'काय गं, बुवाला घाबरतेस?' म्हणायचा, पण मी आई आहे, मला दिसायचं, त्याचा चेहरा पडायचा. शेवटचा फोन आला तेव्हा सूनबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती, ठमी माझ्या मांडीवर. तिने नेहमीसारखा सूर लावला. तो म्हणाला, 'आई, काढूनच टाकतो आज. सुट्टीवर येईन तेव्हा पोरगी मला बघून रडायला नको. हिला सांगू नकोस, रुसेल. आल्यावर बघेल.' मी म्हटलं, अरे, पण परवानगी? — कारण तुमच्याकडे काढायलाही परवानगी लागते, हो ना? ठेवायला विचारायचं, काढायलाही विचारायचं, पुन्हा कार्डावर नवा फोटो. मेलं लग्न करायलासुद्धा एवढं विचारावं लागलं नव्हतं त्याला! तर म्हणाला, 'विचारून झालंय. कप्तानाला वेळ नाही, कारकून म्हणतो बंदरात पोचल्यावर बघू. ओरडले तर ओरडू देत.' असा हसला, आणि फोन ठेवला. त्यानंतर जो फोन आला तो तुमच्या कचेरीचा.

म्हणजे झालं काय बघा. कार्डावर दाढी, कागदावर दाढी, परवानगी रद्द झालेली नाही — म्हणजे माणसाला दाढी होतीच! असंच केलंत ना तुम्ही लोकांनी? चेहऱ्याकडे कशाला बघायचं, कार्ड आहे की हातात. डॉक्टरांचा पोस्टमॉर्टेमचा कागद मागितला मी, तर म्हणे तो देता येत नाही. बरं, नका देऊ. पण मला एक सांगा, दाढी नव्हती, तरी धूर आत गेला, मग गेला कुठून? मास्कमधूनच ना? रबर झिजलं असेल, पट्टा सैल असेल, मला काय कळतंय त्यातलं — पण तसलेच मास्क आत्ता या घटकेला कोणाकोणाच्या पोरांच्या तोंडावर आहेत? त्यांना तुम्ही माझ्या गुंडूचा फोटो दाखवणार, आणि ती बिचारी गुळगुळीत दाढी करून धुरात शिरणार, आता आपल्याला काही होत नाही म्हणून. चुकतंय का माझं? सांगा ना, चुकत असेल तर सांगा.

मला कसं माहीत म्हणता? हात लावलाय मी त्याला. तिथे, तुमच्या त्या मोठ्या हॉलमध्ये, जिथे पेटी ठेवली होती, झेंडा घालून. उघडायला तयारच नव्हतं कोणी, म्हणे धुराने चेहरा काळवंडलाय, आठवणीत आहे तसाच राहू द्या. मी म्हटलं, आई आहे मी, काळा असो निळा असो, मला हात लावू द्या. सूनबाई दारातच कोसळली होती, तिला बाहेर गाडीत बसवलं होतं. मग एकाने झाकण सरकवलं, कापड एका बाजूने थोडं उचललं, आणि मी हात आत घातला. दिसत काही नव्हतं मला, डोळे भरलेले. गाल लागला. हनुवटी लागली. थंड, आणि मऊ. केस नाही. म्हटलं, केलीस रे बाबा, ठमीसाठी केलीस. आणि मग त्या माणसाने माझं कोपर धरून मला हळूच मागे घेतलं, पांढरे हातमोजे होते त्याच्या हातात, आणि म्हणाला, 'बस आता, आई.' चांगल्या आवाजात म्हणाला, मायेने. — कुठे बघताय? काय आहे एवढं त्या टोपीत? मी तुम्हाला दारातच ओळखलं, साहेब. एकदा तिकीट फाडून दिलं की तो चेहरा मी वर्षानुवर्षं विसरत नाही, तुमचा विसरेन? कापड तुम्ही उचललं होतंत. माझे डोळे भरलेले होते, तुमचे नव्हते.

सूनबाईला सांगून दमले हो मी. फोनचं सांगितलं, हाताचं सांगितलं. ती म्हणते, 'आई, मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही.' अगं, मी कशाला खोटं बोलू? — आणि... हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका हं... अलीकडे मलाच... कसं सांगू तुम्हाला. सकाळी उठले की हा हात बघत बसते. हा उजवा. गुंडूचं तोंड मी या हाताने धुतलंय, पुसलंय, दोन-चार थोबाडीतही ठेवून दिल्यात. या हाताला गुंडूचा गाल म्हणजे गुळगुळीत गालच माहीत. दाढी आली तोवर तो नोकरीला लागला होता, मग कोण आईला गालाला हात लावू देतंय! मग त्या दिवशी हाताला खरंच कळलं, की हाताने नुसतं आठवलं? क्षणभर तर लागला असेल. शपथेवर सांग म्हणाल तर — नाही सांगता येणार मला. घ्या. बोलून बसले. बोलायचं नव्हतं हे, कोणापुढे नाही बोलले आजवर. आता तुमचं काम किती सोपं करून ठेवलं मी! आता तुम्ही एवढंच म्हणायचं, 'आई, दुःखात होतो माणसाला भास, दाढी होती.' मी काय बोलणार त्यावर? काही नाही. मुकाट्याने सही करीन.

थांबा, उठू नका. — सूनबाई! अगं, बाहेर ये जराशी. ये गं. असू दे केसांचं, तशीच ये. — हे बघ, हे साहेब. गुंडूच्या पेटीपाशी होते हे. कापड यांनीच उचललं होतं, यांनी बघितलंय त्याला डोळ्यांनी. तुझा माझ्यावर विश्वास नाही ना? मग यांना विचारू. बसायला नको वाटत असेल तर उभी राहा, भिंतीला टेक.

साहेब, माझ्याकडे नका बघू. हिच्याकडे बघा. एकच विचारते. गुंडूला दाढी होती?

...

बोला की. होती, एवढंच म्हणायचं. होती म्हटलंत की कागद पुढे करा, दोघी सही करतो, फोटो लावा, हवा तिथे लावा.

...

काय रे? तोंड उघड ना. हुकूम असेल तुला, कळतं मला, पोटापाण्याची नोकरी आहे, घरी आईही असेल. पण 'होती' म्हणायला कोणाचा हुकूम आडवा येतोय? वरच्यांना तेच तर हवंय. एक शब्द आहे. ती बघतेय तुझ्याकडे. मीही बघतेय.

...

नाही म्हणत ते. सूनबाई, ऐकतेस ना गं? 'होती' म्हणत नाहीयेत. असती तर केव्हाच म्हणाले असते, त्यासाठी तर एवढे जिने चढून आले! काढली होती गं त्याने. तू नाही मारलंस. तू नाही, कोणी काहीही लिहू दे. — अगं, रड, रड, किती दिवसांनी रडतेयस, ये इकडे, धर मला, ये.

तुम्ही निघा आता, साहेब. तो कागद कोराच घेऊन जा. नाही, माझ्यापुढे हात नका जोडू, मला राग नाही तुमचा. आमच्या दोघींचं भागलं तुमच्या गप्प बसण्यावर. पण त्या मास्क लावून धुरात जाणाऱ्या पोरांचं नाही भागायचं, तिथे तोंडच उघडावं लागेल. बघा जमतंय का. — बस, आता काही बोलू नका, तिला रडू दे. या तुम्ही.